पाचाचे चार

साहेब, तुम्ही माणसाच्या जिवाची सरासरी काढता आणि वर तिला शास्त्र म्हणता!

हे सगळं मुबीनाच्या जिभेवर आलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "पाच."

"परत पाच?" तिच्या विभागातल्या प्रितेशनं पेन टेबलावर टाकलं. "मॅडम, तुम्ही घरी गॅस तरी पेटवता का?"

सगळे हसले. पळस्प्याजवळच्या त्या कारखान्याच्या संशोधन विभागात रीतच तशी होती. प्रयोगशाळेतलं नवं रसायन मोठ्या टाकीत करून बघायचं, तर आधी पाच जणांनी धोक्याला गुण द्यायचे. एक म्हणजे बिनधास्त, पाच म्हणजे माणूस मरेल. मग सरासरी. ती दोनच्या वर गेली की काम बंद. मरणाऱ्याला कोणी विचारत नसे. तो बैठकीत नसेच.

"काचेच्या भांड्यातली उष्णता बाहेर निघून जाते," मुबीना म्हणाली. "टाकीत ती कोंडणार. थंड पाण्याची लाइन एकच आहे. दुसरी टाका, मग करा."

दुसरी लाइन म्हणजे तीन महिने. मुख्यालय थांबायला तयार नव्हतं. बैठक तहकूब झाली.

दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसेना. भांडण नाही, तंटा नाही. ताटं नुसती पलीकडे सरकली. अम्मी गेल्यापासून पनवेलच्या घरात तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. चार माणसांत बसून जेवायचं ते इथंच. आता तांदळाची भाकरी भिंतीकडे बघत चावायची. पंधरवडाभर तिनं तशीच चावली.

मग मुख्य शास्त्रज्ञ प्रभाकर देसले स्वतः तिच्याकडे आले. "मॅडम, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण एका आकड्यासाठी सगळं अडलंय. चार करा. चार म्हणजेसुद्धा विरोधच झाला ना?"

पुढच्या बैठकीत ती म्हणाली, "चार." सरासरी बरोबर दोनवर येऊन बसली.

त्या दुपारी प्रितेशनं हाक मारली, "मॅडम, सुकटीची चटणी आणलीय ना? मग एकट्या कशाला? इकडे या की!"

ती गेली. डबा मधोमध ठेवला. चटणी बघता बघता संपली. तिला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली.

टाकीत रसायन चढवलं त्या दिवशी आपटा गावचा कामगार विठू पाळीवर होता. पाण्याचा पंप अडकला, टाकी तापत गेली, आणि झाकणाच्या कडेतून उकळतं रसायन त्याच्या तोंडावर उडालं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको गुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. मुबीना तिच्याजवळ खाली बसली.

"डॉक्टर बोल्ला, येक डोला गेला. दुसऱ्याचा भरवसा नाय." गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "साहेब येऊन गेला. बोल्ला, आमी सगल्यांनी आदी तपासलं व्हतं. ताय, तुमी पन व्हता त्यांच्यात?"

"होते."

"मंग तुमी काय बोल्ला?"

मुबीनाच्या ओठांवर आकडा आला. आपट्याच्या बाईला चार म्हणजे काय सांगायचं? चार म्हणजे थांबा, की चार म्हणजे चालू द्या?

गुणाबाईनं तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"करा बोल्ला का नको बोल्ला? येक काय ते सांगा ना, ताय!"