सरकीच्या सुया

तापीकाठच्या त्या गावात रूपचंद गुजराला दबून असणारी माणसं पुष्कळ होती. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. उधळलेल्या घोड्याच्या तोंडाला हात घालून त्याला जागच्या जागी उभा करायचा. केळीच्या बागेत नाग निघाला की गडी पळायचे आणि हा फावडं घेऊन पुढे व्हायचा. असा हा माणूस जन्मात एकाच वस्तूला भ्याला होता, ती म्हणजे डॉक्टरची सुई.

ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. देवी काढणारा, म्हणजे सरकारी लस टोचणारा लोटन पिशवी घेऊन सायकलवरून गावात शिरला, की रूपचंदला हटकून शेताचं काम आठवायचं. एका वर्षी तो सबंध दिवस केळीच्या बागेत बसून राहिला. दुसऱ्या वर्षी अंगात ताप असला की टोचत नाहीत असं ऐकून भर उन्हाळ्यात दोन गोधड्या पांघरून निजला. तिसऱ्या वर्षी तर त्यानं कहरच केला. आपल्या उखा नावाच्या सालदार गड्याला रूपचंद म्हणून परगावच्या टोचणीला पाठवलं. उखाला त्या साली दोनदा टोचलं गेलं आणि त्याबद्दल नवं धोतर मिळालं. ते धोतर नेसून तो जसोदाबाईसमोर आला, तिनं सहज विचारलं, आणि सगळं बाहेर पडलं.

जसोदाबाई चिडली नाही. ती चिडली असती तर रूपचंदला सोपं गेलं असतं. तिचा धाकटा भाऊ ती लहान असताना पटकीनं गेला होता, सकाळी खेळत होता आणि दिवस मावळायच्या आत संपला. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. पण सारंगखेड्याची यात्रा जवळ आली, घोडे बघायला नवऱ्याचा जीव आतुर झाला, की ती गप्प गप्प व्हायची. यात्रेला लाख माणसं, एका नदीचं पाणी. यात्रेआधी गावोगाव पटकीची टोचणी व्हायची आणि नाक्यावर टोचल्याचा कागद बघायचे. रूपचंद नाका चुकवून नदीच्या अंगानं शिरायचा, हेही तिला कळलेलं होतं.

त्या साली नवरात्रात त्यांची लेक रंजना सुरतेहून आली. जावई रेल्वेत, बदलीची नोकरी. येताना तिनं वेताच्या टोपलीत एक कुत्र्याचं पिल्लू आणलं, आणि जाताना ते आईच्या ओटीत ठेवून गेली. पांढरंधोप, तळहाताएवढं, नाकाच्या जागी काळा ठिपका. त्याची जात पॉमेरेनियन असं जावयानं सांगितलं होतं, पण ते नाव गावाच्या जिभेला पेलवलं नाही. कुणी त्याला कोल्ह्याचं पिल्लू म्हणालं, कुणी ससा. जसोदाबाईनं तिचं नाव सरकी ठेवलं. कापूस लागलेली सरकी दिसते तशीच ती दिसायची.

रूपचंदला ते ध्यान मुळीच आवडलं नाही. कुत्रं म्हणजे कसं, रात्री भुंकलं तर चोराची छाती दडपली पाहिजे. ही शिंकली तरी मागे कोलमडायची. त्यातून रंजनानं जाताना बजावलं होतं की हिला लशी द्याव्या लागतात, बाबांना दवाखान्यात न्यायला सांग. हे ऐकून रूपचंद ओट्यावर बसून खो खो हसला. चार शेजारी बसले होते, त्यांच्यापुढे त्याला जोर चढला. कुत्र्याला कोणी टोचतं का, आपल्याकडचा डॉक्टर बैलांचा, त्याच्याकडे कुत्र्याची लस कुठली असणार, असं म्हणत त्यानं मांडीवर थाप मारली आणि बोलून गेला,

"ही जितल्या सुया टोची लेई, तितल्या मी बी टोची लिसू."

जसोदाबाई आत तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, दारात आली आणि शेजाऱ्यांकडे बघून म्हणाली, "आयकं ना सर्वास्नी? मंग ठरनं."

दुसऱ्याच दिवशी तिनं दमणी जुंपायला लावली. शहाद्याच्या गुरांच्या दवाखान्यात नवीनच आलेला डॉक्टर पुण्याकडचा, तरुण होता. दिवसभर बैलांच्या शेपट्या आणि म्हशींच्या कासा बघून कंटाळलेल्या त्या माणसानं सरकीला पाहिलं आणि त्याचा चेहराच उजळला. रूपचंदला तिथंच पहिली शंका आली.

जसोदाबाई तयारीनिशी आली होती. आपल्या बैलांना जे जे टोचतात ते सगळं हिलाही टोचा, असं तिनं सांगितलं. घटसर्प, फऱ्या, बुळकांडी. रूपचंद बोटं मोजत होता. तीन झाली तेव्हा त्याला घाम फुटला. पण डॉक्टर हसून म्हणाला की ते रोग गुरांचे, कुत्र्याला त्यांची लस द्यायचं कारण नाही. रूपचंदनं सुटकेचा श्वास सोडला. हा डॉक्टर चांगला माणूस आहे असं त्याला वाटलं, पण फार वेळ नाही.

"कुत्र्याच्या लशी वेगळ्या," डॉक्टर म्हणाला. "एक पिसाळण्याच्या रोगाची. ती चुकवून चालायचं नाही. दुसरी डिस्टेंपरची. तो कुत्र्यांचा मोठा वाईट ताप, लहान पिल्लांना फार लवकर गाठतो. ती लस इथं नाही. मुंबईहून बर्फात घालून आणावी लागेल."

आता रूपचंद सरकीचा वकील झाला. एवढासा जीव, त्याला दोन दोन लशी सोसणार कशा, असं त्यानं कळवळून विचारलं. निदान अर्धी तरी करा. डॉक्टरनं सांगितलं की लस वजनावर ठरत नाही, शिकारी कुत्र्याला जेवढी तेवढीच हिलाही. मग रूपचंद म्हणाला की ही ओटीतून खाली उतरत नाही, तिला पिसाळलेलं कुत्रं भेटणार कुठं? त्यावर जसोदाबाईनं थंडपणे सांगितलं की कालच ती उकिरड्यावर गावच्या कुत्र्यांशी हाडकावरून भांडत होती. रूपचंदनं तो मुद्दा सोडला आणि मुंबईच्या बर्फाकडे वळला. बर्फ वितळेल, लस नासेल, नासलेली लस पोटात गेली तर? इथं मात्र डॉक्टर थोडा विचारात पडला. लस वाटेत गरम झाली तर फुकट जाते हे खरं, असं तो म्हणाला. पिल्लू घरातच राहणार असेल, गावात तसला रोग दिसत नसेल, तर ती थांबली तरी चालेल. पिसाळण्याची मात्र तीन महिन्यांचं झाल्यावर नक्की द्यायची, तोवर हिला उकिरड्यापासून दूर ठेवा.

म्हणजे सुई एक, आणि तीही पुढच्या महिन्यात. रूपचंदनं परतताना बाजारात दमणी थांबवून बायकोला गरम जिलबी घेतली. जसोदाबाईनं ती खाल्ली आणि पुढच्या महिन्याचे दिवस बोटांवर मोजले.

सरकीवर नजर ठेवायचं काम आता रूपचंदनं स्वतःकडे घेतलं. ती उकिरड्यावर गेली आणि कुठं काही लागलं तर डॉक्टर दुसरी सुई काढील, एवढाच त्याचा हिशेब होता. तो शेतावर निघाला की तिला बंडीच्या खिशात घालून न्यायचा. खिशातून नुसतं डोकं बाहेर. खळ्यावर तो बाजेवर बसला की ती त्याच्या पोटावर चढून झोपायची, आणि मग तिची झोप मोडेल म्हणून गड्यांवर ओरडायचं असलं तरी तो हलक्या आवाजात ओरडायचा. गडी चकित झाले. पहिल्यांदा त्यांना वाटलं मालकाची तब्येत बिघडली.

दिवाळी झाली आणि उखाच्या कुत्रीची पिल्लं आजारी पडली. ती कुत्री खळ्यावरच असायची. आधी पिल्लांच्या डोळ्यांत चिपडं आली, नाकं वाहू लागली. मग एक खोकायला लागलं. एका सकाळी रूपचंद खळ्यावर गेला तर सगळ्यांत धीट पिल्लू आडवं पडून होतं आणि त्याचा जबडा थडथड उडत होता, जणू थंडी वाजत असावी. रूपचंदनं खिशावर हात ठेवला. आत ऊबदार गोळा हलला आणि त्यानं त्याचं बोट चाटलं.

तो तसाच मागं वळला. घरी न सांगता घोडी काढली आणि शहाद्याला गेला. डॉक्टरपुढं उभं राहून त्यानं पिल्लांचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, हाच तो ताप. रूपचंदनं फार वाद घातला नाही. मुंबईची लस कशी आणायची एवढंच विचारलं. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली आणि रूपचंदनं जावयाला तार केली. जन्मात प्रथमच त्यानं जावयाकडं काही मागितलं होतं. जावयानं मुंबईचा माणूस गाठला, लस सुरतेला आली, तिथून थर्मासमध्ये बर्फात बसून तापी लाईनच्या गाडीनं गार्डाच्या डब्यातून दोंडाईच्याला. रूपचंद सरकीला खिशात घालून होडीनं नदी ओलांडून स्टेशनावर जाऊन बसला होता. थर्मास त्यानं लेकरासारखा छातीशी धरला आणि उन्हातून जाताना त्यावर स्वतःचा फेटा सोडून गुंडाळला. बोडक्या डोक्यानं निघालेला रूपचंद वाटेत ज्यांनी पाहिला, त्यांना कुणाच्या तरी घरी वाईट झालंय असं वाटलं.

शहाद्याच्या दवाखान्यात सरकीला टोचलं, तेव्हा ती बारीकशी कुंई करून गप्प झाली. रूपचंद भिंतीवरच्या बैलाच्या चित्राकडं बघत होता. घरी आल्यावर जसोदाबाईनं थर्मास पाहिला, नवऱ्याचं उन्हानं भाजलेलं टक्कल पाहिलं, आणि तिला सगळं समजलं.

"दोन व्हतीन मंग," ती हळूच म्हणाली.

"दोन त दोन," रूपचंद म्हणाला आणि सरकीला घेऊन आत गेला. त्या रात्री जसोदाबाईनं त्याला आवडतं तसं वांग्याचं भरीत केलं, तेलाची धार जरा सैल सोडून.

सरकी तीन महिन्यांची झाली तशी पिसाळण्याचीही लस झाली. उखाच्या कुत्रीचं एकच पिल्लू वाचलं. आणि मार्गशीर्ष लागताच लोटन चावडीवर टोचणीला येऊन बसला. ओट्यावरचं बोलणं शेजाऱ्यांनी गावभर केलेलंच होतं, त्यामुळे लोक टोचून घ्यायला कमी आणि रूपचंदला बघायला जास्त आले. तो आला तो सरकीला काखेत घेऊन. लोटननं सांगितलं की त्याच्या वाट्याला दोन आहेत, आधी देवी आणि मग पटकीची. देवीचं ओरखडणं पुरतं कळायच्या आत संपलं. रूपचंदनं लगेच सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की ही एक धरली ना? लोटन हो म्हणाला.

मग लोटननं उकळत्या पाण्यातून पिचकारी काढली, लस भरली, सुई वर धरून एक थेंब उडवला. रूपचंदच्या मिशा थरथरल्या. सरकीनं ती सुई पाहिली. तिनंही दोनदा तो अनुभव घेतला होता. लोटनचा हात जवळ आला, आणि या खेपेला कुणाला टोचायचंय याची चौकशी न करता तिनं त्याच्या अंगठ्याला कचकन दात लावले.

चावडीतली माणसं पुढे सरकली. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. मागून कुणीतरी म्हणालं की कुत्रं चावलं म्हणजे पोटात चौदा सुया. ते ऐकताच, ज्या लोटननं तालुक्यातली निम्मी माणसं टोचली होती, त्याच्या हातातून पिचकारी गळून पडली. तो खांबाला टेकून खाली बसला.

"जिभाऊ," तो पुटपुटला, "माले सुईनं भ्याव वाटस."

रूपचंदनं त्याच्याकडं पाहिलं. आयुष्यात प्रथमच त्याला आपल्यासारखा माणूस भेटला होता. तो त्याच्याशेजारी जमिनीवर बसला, त्याचा अंगठा साबणानं स्वच्छ धुतला आणि सांगितलं, "हिले टोचेल शे, लोटन. घाबरू नको." सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनीही पुढं तसंच सांगितलं. जखम बारीक, कुत्रीला लस दिलेली. तरी दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवा, ती धडधाकट राहिली तर पोटातली सुई नको.

मग लोटन रोज सायकल मारत रूपचंदच्या ओट्यावर यायचा. आल्या आल्या सरकी कुठंय म्हणून विचारायचा. ती जेवली का, पाणी प्याली का. ती शेपूट हलवत आली की तो चहा घ्यायचा. एके दिवशी ती झोपेतून उठली नाही म्हणून त्याला रडूच फुटायला आलं, पण रूपचंदनं भाकरीचा तुकडा दाखवताच ती उठली. त्या बैठकांत दोघांनी एकमेकांना आपापली भीती सगळी सांगून टाकली. केळीची बाग, गोधड्या, उखाचं धोतर. लोटनही म्हणाला की नोकरीत पहिल्या दिवशी तो दुसऱ्याला टोचतानाच चक्कर येऊन पडला होता.

मुदत संपली, सरकी पूर्वीपेक्षा लठ्ठ झाली. लोटननं त्या दिवशी चहा संपवून पिशवी उघडली. रूपचंदनं पळ काढला नाही. त्यानं सरकीला आतल्या खोलीत कोंडलं, बाही वर केली, डोळे घट्ट मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी वैतागून त्यानं विचारलं, "कव्हय टोचशी?" लोटन तोवर कापूस टाकून पिशवी बांधत होता. जसोदाबाई दाराआड उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मग हसू दाबायला तोच पदर तोंडाला लावला.

यात्रेला रूपचंद त्या साली नाक्यावरून गेला. कागद एकदाच बघतात, पण त्यानं शिपायाला दोनदा दाखवला. सोबत जसोदाबाई, खिशात सरकी. घोड्यांच्या बाजारात गुरांचा तो डॉक्टर कामावर आलेला होता. त्यानं सरकीला ओळखलं, तिचे दात बघितले, आणि निघता निघता म्हणाला, "पिसाळण्याची लस दर वर्षी द्यावी लागते बरं का. पुढच्या वर्षी पुन्हा आणा."

रूपचंदनं दचकून मागं पाहिलं. जसोदाबाई बऱ्याच अंतरावर कासाराच्या दुकानी पाठमोरी बसून हातात बांगड्या भरत होती. त्यानं डॉक्टरचा दंड धरला, त्याला घोड्याच्या आडोशाला ओढलं आणि जरा हळू बोला, म्हणून हात जोडले.

"माले आयकू वनं," जसोदाबाई मान न वळवता म्हणाली, आणि कासाराला हिरव्या बांगड्या आणखी दाखवायला सांगितल्या.