पुतळाबाईची डोली

लोणावळ्यात डॉक्टरांना पुढारीपण शिकवतात हे ऐकलं, तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. अहो, डॉक्टर म्हटला की हुकूम सोडतच दारातून आत येतो. त्याला आणखी शिबिर कशाला? पण सदुसष्ट साली तसं सात दिवसांचं शिबिर भरलं खरं. पाचव्या दिवशी एकेका डॉक्टरला खेड्यात धाडायचं ठरलं आणि माझ्या वाट्याला आले डॉक्टर गराडे.

मी तेव्हा आंदर मावळात नर्स होते. रस्त्याकडेला एका खोलीचा दवाखाना. गराडे जीपमधून उतरले तेच मुळी हातात वही घेऊन. पुढाऱ्यानं आज्ञा स्पष्ट द्यावी, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं. मी चहा ओततेय तोवर वरच्या वाडीतला बहिरू धापा टाकत आला.

"बाई, पुतळा अडलीया. कालधरनं कळा देती, सुटका न्हाई."

पुतळाबाई त्याची बायको, पहिलटकरीण. तासभर चढून गेलो. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मूल आडवं होतं. पाणमोट फुटली नव्हती, तेवढं नशीब. ती फुटली की मूल तसंच अडकणार आणि मग दोघांची आशा सोडायची, हे मलाही कळत होतं.

"खाली न्या. जीपनं तळेगावला. ऑपरेशन लागेल," डॉक्टर म्हणाले. इथवर ठीक. पुढं मात्र वहीच बोलायला लागली. "चार दणकट गडी पुढे या. मी सांगतो तसंच चालायचं!"

घोंगडीची डोली बांधली, बांबू खांद्यावर घेतला. शंभर पावलं गेलो नाही तोच भाताच्या बांधावर एकाचा पाय सटकला. डोली कलंडली, पुतळाबाई किंचाळली. डॉक्टर ओरडायला लागले, "डावीकडे! सावकाश! मी सांगतोय ना!"

"आधी तोंड मिटा तुम्ही," मी म्हणाले. चक्क डॉक्टरला! मग माझीच जीभ चावली.

तेवढ्यात बहिरूची आई, चिमाबाई पुढं झाली. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. "ह्यो बांध येसूचा हाय. येसूला धरू द्या."

येसू साठीचा, नुसता वाळका. एका टोकाला तो, दुसऱ्याला बाया, त्याची बायको. कुठला दगड हलतो, खेकड्यांनी कुठं पोखरलंय, सगळं त्या दोघांच्या पायांना ठाऊक. डोली हलली म्हणून नाही. त्यांचा बांध संपला तिथं बारकू आणि त्याचा भाऊ उभेच होते, कारण पुढचं खाचर त्यांचं. ओढ्याशी जानू आणि त्याचा मुलगा. रोज गुरं तिथूनच उतरवायचे. कुणी कुणाला हाक मारली नाही. मी मान वर करून पुढं बघितलं आणि बघतच राहिले. उतारभर, ज्याच्या त्याच्या शेताच्या कडेला, माणसं येऊन थांबली होती. सगळी वाडी! डॉक्टर बूट हातात घेऊन मुकाट मागून येत होते.

दवाखान्याच्या दाराशी डोली टेकली. जीप उभी होती, पण तळेगाव दीड तास, तेही खड्ड्यांतून. पाणमोट आता कधीही फुटली असती.

"डाक्टर," चिमाबाई म्हणाली, "आमाला हितवरच ठावं. हितनं पुढं तुमी."

गराडे पांढरेफटक पडले. "पोटावरून हातानं मूल फिरवता येतं," ते हळूच मला म्हणाले. "मी एकदाच केलंय. तेव्हा सरांचा हात माझ्या हातावर होता." मग एक मोठा श्वास घेऊन त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काय चांगलं येतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "बाळाचे ठोके," मी म्हणाले.

"आणि मावशी, तुम्हाला?"

"कळ यायच्या आदी मला उमगती. हिच्या श्वासावरनं."

"मग तुम्ही थांबा म्हणाल तिथं मी थांबणार."

"आली," चिमाबाई म्हणायची, की त्यांचे हात थांबायचे. "गेली," म्हटलं की बोटभर सरकायचे. मी नळीला कान लावून ठोके सांगत होते. पुतळाबाई पदर दातांत धरून पडून होती. आणि मग, देवाशपथ सांगते, त्या पोटाचा आकार माझ्या डोळ्यांसमोर बदलला. डोकं खाली आलं! दिवस मावळायच्या आत मुलगी झाली आणि तिनं असा टाहो फोडला, की बाहेर बसलेल्या अख्ख्या वाडीनं ऐकला.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मलाही बोलावलं. आपण पुढारीपण कसं केलं, ते प्रत्येकानं सांगायचं होतं. गराडे उठले, वही मिटलेलीच. "त्या दिवशी ज्यांनी ओझं वाहिलं त्यांची नावं सांगतो," म्हणाले. पुतळाबाई. येसू, बाया. बारकू, त्याचा भाऊ. जानू, त्याचा मुलगा. एकेक करून उतारावरची सगळी. चिमाबाई. शालूबाई नर्स, म्हणजे मी. शेवटी स्वतःचं नाव घेतलं.

मागून कुणीतरी विचारलं, "अहो, पण पुतळाबाई तर डोलीत होती ना?"

"तिनं आदल्या दिवसापासून एकटीनं वाहिलं होतं," गराडे म्हणाले. "आम्ही सगळे नंतर आलो."