नावाची जागा

त्या रविवारी भाऊंनी माझा मोबाईल रिकाम्या पातेल्यात उभा केला आणि म्हणाले, "लाव."

भाऊ म्हणजे माझे वडील, गुलाब. धुळ्यात आमची सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही. एसटीच्या कार्यशाळेत ते तीस वर्षं मेकॅनिक होते आणि त्याहून जास्त वर्षं भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत होते. गाणीही लिहायचे. मी जळगावला कॉलेजात मराठी शिकवते, मेहरूणजवळ राहते आणि महिन्यातले दोन रविवार बसने धुळ्याला येते. तो त्यातलाच एक रविवार. आईने ठेचा केला होता आणि कळण्याच्या भाकरी थापत होती. भाऊंची तब्येत चांगली होती. नंतर मी हे इतक्या लोकांना सांगितलं की आता ते वाक्य पाठ झालं आहे.

पातेल्यात वाजत होता तो अल्बम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा, प्रशीलचा. तोही धुळ्याचाच. त्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून आठ गाणी केली होती. रॉकची गिटार, ड्रम आणि त्यावर अहिराणीतलं रॅप. नाव ठेवलं होतं ‘चाळीसगाव रोड’. भाऊंनी रॅप तोवर फक्त रिक्षातून जाताना कानावर पडेल तेवढंच ऐकलं होतं.

पहिल्या गाण्यात प्रशील सुरुवातीलाच स्वतःचं नाव सांगतो, मग गल्लीचं, मग आजीचं. भाऊ खुश झाले.

"हा आधी नावच सांगतो गं."

"रॅपमध्ये तशी पद्धत असते."

"मग आपलं काय वेगळं शे? आपण शेवटी सांगतो. याला घाई आहे, एवढंच."

गायन पार्टीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. भाऊंच्या गाण्यांत ते ‘गुलाब सांगे’ असं यायचं. आई म्हणायची, "बाहेर गुलाब सांगे, घरात कोणी ऐकेना."

तिसऱ्या गाण्याला त्यांनी कपाळाला आठी घातली. "गिटारवाला कोण?"

"ललित म्हणून आहे."

"त्याला सांग, हात चांगला आहे. पण प्रत्येक जागा भरायची नसते. शब्द बुडाला ना पोराचा."

माझंही मत तेच होतं. प्रशीलला मी ते दोन पानांच्या ईमेलमध्ये कळवलं होतं. त्यात ‘ध्वनीचं अतिक्रमण’ असा शब्दप्रयोग होता.

पाचव्या गाण्याला गिटार मागे जाते. ते गाणं एका मेकॅनिकबद्दल आहे. तो ज्या गाड्या दुरुस्त करतो त्या पुण्याला, सुरतला, इंदूरला जातात आणि तो स्वतः कुठेच जात नाही. पालुपद असं, माझा बाप तिथेच आहे म्हणणारं:

बठ्ठ्या गाड्या येतस, बठ्ठ्या गाड्या जातस,
मना बाप तठेच शे.

भाऊ स्टीलच्या डब्यावर बोटांनी ताल धरत होते. बोटं थांबली. गाणं संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"कोणाचं आहे?"

"लोकगीत म्हणून लिहिलंय त्यांनी."

"लोकगीत? लोकांनी काय वर्गणी काढून लिहिलं?"

आई भाकरी थापता थापता हसली.

"हे एसटीवाल्याच्या पोराचं काम आहे," भाऊ म्हणाले. "हाताचं ऑइल साबणानं जात नाही, रॉकेलनं जातं, हे बाहेरच्याला माहीत नसतं. गाणं चोख आहे. पण लिहिणारा भित्रा. बापावर लिहितो आणि बापाचं नाव नाही, स्वतःचंही नाही. तुला माहीत आहे का कोण ते?"

"नाही," मी म्हणाले.

गाणं मी लिहिलं होतं.

सोळा वर्षांची असताना मी पहिलं गाणं लिहिलं होतं. शेवटच्या कडव्यात ‘प्रज्ञा सांगे’ असं घालून. भाऊंना दाखवलं तेव्हा सगळी पार्टी आमच्या ओट्यावर सरावाला बसली होती. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "नाव तेवढं छान आहे." सगळे हसले. भाऊ तासाभरात विसरले असतील. मी सव्वीस वर्षं विसरले नाही. नंतर मी पुष्कळ लिहिलं, लेख लिहिले, प्रबंध लिहिला, गाणं लिहिलं नाही. प्रशील शब्द मागायला आला तेव्हा एका बैठकीत हे लिहून झालं आणि मी अट घातली की नाव टाकायचं नाही. तो म्हणाला, "मॅडम, मग काय टाकू?" मी म्हणाले, "लोकगीत टाक."

संध्याकाळच्या बसने मी जळगावला परतले. निघताना भाऊंनी ते एक गाणं त्यांच्या मोबाईलवर पाठवायला लावलं.

मंगळवारी सकाळी चहा पिताना भाऊ गेले. कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले, असं आई म्हणाली.

धुळ्याच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी काय केलं ते मला सांगता येतं. मी ‘चाळीसगाव रोड’ ऐकला, पहिल्यापासून. मत तेच राहिलं. दुसऱ्या गाण्यात ड्रम यंत्रावरचे आहेत आणि ते कळतं. सहावं आणि सातवं एकच वाटतात. रॅपमधला राग खरा आहे, गिटारीतला उसना. पाचवं मी पुढे ढकललं. खिडकीतून कापसाची शेतं जात होती आणि मी मनात मुद्दे मांडत होते, एखाद्या नियतकालिकाला परीक्षण पाठवायचं असल्यासारखे. पारोळ्याला कंडक्टरने विचारलं, "ताई, बरं नाही का?" मी बरं आहे म्हणाले. ते खरंच होतं. काही होत नव्हतं.

पुढचे दिवस कामात गेले. पुण्यानुमोदनाच्या फलकावर ‘पुण्यानुमोदन’ चुकीचं छापून आलं, ते बदलून आणलं. लोक यायचे, जय भीम म्हणून खाली बसायचे, आई त्यांच्याजवळ रडायची. मी चहा द्यायचे. एक आत्या म्हणाली, "शिकलेल्या पोरींना रडू येत नाही बाई." तिला दुसरा कप दिला.

तिसऱ्या दिवशी सुपडूकाका आले. पार्टीचे पेटीवाले, भाऊंचे चाळीस वर्षांचे जोडीदार. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी भाऊंची एखादी फजिती सांगत होते. माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "सोमवारी आला होता माझ्याकडे. मोबाईल घेऊन. तुझ्या त्या पोरांचं गाणं."

"कोणतं?"

"गाड्यांचं. म्हणे, सुपडू, हे आपल्या पेटीवर बसतं का बघ. दुपारभर बसवत होतो. चांगलं बसलं. शेवटचं पालुपद झालं की ढोलकी चालू अन् गाणं बंद. चार टाळ्या रिकाम्या. म्हटलं, भाऊ, विसरला का? म्हणे, विसरलो नाही. इथं नाव यायचं आहे."

"कोणाचं?"

"मीबी तेच विचारलं. म्हणे, ज्याचं असेल तो येईल. आपण जागा ठेवू."

मी कप गोळा करून आत नेले. मोरीत ते एकेक करून विसळले. त्यांना कळलं होतं का, हे मला माहीत नाही. कळलं असतं तर त्यांनी मला तोंडावर विचारलं असतं, तसा त्यांचा स्वभाव. पण तोंडावर तर त्यांनी विचारलंच होतं.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनासाठी दारापुढे मांडव घातला. कार्यक्रमाची यादी मी लिहिली, कारण माझं अक्षर चांगलं. वंदना, श्रद्धांजली, मग पार्टीची तीन गाणी, आणि शेवटी ‘लोकगीत: प्रशील आणि साथी’. नावाच्या जागी तो शब्द मी दुसऱ्यांदा घालत होते. पेन थांबलं नाही.

प्रशील मित्रांना घेऊन आला. गिटार आणली होती. भाऊंचा निरोप मी ललितला दिला, हात चांगला आहे पण प्रत्येक जागा भरायची नसते. तो गिटार पिशवीत घालून म्हणाला, "मॅडम, मग आज मी टाळ्याच वाजवतो." प्रशीलने मला बाजूला घेतलं. "मॅडम, मी सांगू का? कोणाचं आहे ते?"

"नको."

"भाऊंना माहीत होतं?"

"यादीत आहे तसंच होऊ दे," मी म्हणाले.

भाऊंच्या फोटोशेजारच्या खुर्चीवर त्यांची ढोलकी ठेवली होती. ती कोणी वाजवायची नाही असं सुपडूकाकांनी ठरवलं होतं. सूत्रसंचालकाने यादी वाचली, "आता एक लोकगीत," आणि पेटी सुरू झाली. मी आईशेजारी दुसऱ्या रांगेत बसले होते. गिटार नाही, ड्रम नाही. पेटी, टाळ्या आणि प्रशीलचा आवाज. प्रत्येक शब्द ऐकू आला. अल्बमपेक्षा हे गाणं इथे चांगलं झालं, हे माझं मत आहे, आणि ते पहिल्या कडव्यालाच झालं होतं. रॉकेलची ओळ आली तेव्हा कार्यशाळेतून आलेले दोघंतिघं एकमेकांकडे बघून हसले. आईने पदर तोंडाला लावला.

शेवटचं पालुपद झालं. मना बाप तठेच शे. काकांनी सांगून ठेवलं होतं तसा प्रशील थांबला. सुपडूकाकांनी बोटं पेटीवरून उचलली, भाता मात्र सोडला नाही. मांडवातल्या टाळ्या चालू राहिल्या.

एक. दोन. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते खुर्चीकडे बघत होते.

तीन. चार.

काकांनी पेटी पुन्हा धरली, प्रशीलला मान हलवली, आणि दोघांनी पालुपद परत घेतलं. परत थांबले. टाळ्या परत चालू राहिल्या. जागा अजून तिथेच होती. नाव येईपर्यंत काका ती ठेवत राहतील, हे मला ठाऊक होतं.

मी उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. आईने माझं मनगट धरलं, बरं वाटत नसेल असं वाटून.

"प्रज्ञा," मी म्हणाले. आवाज लहान निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले, "गुलाबची पोरगी प्रज्ञा सांगे."

टाळ्या थांबल्या. मी ढोलकीकडे बघितलं.

"भाऊ, हे गाणं माझं आहे. मी तुमच्यावर लिहिलं. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."