तोंडानं मागायची मुळी

चुलीसाठी काटक्या ओढताना आईच्या मनगटाला पिवळा विंचू डसला. ओढा फुगलेला होता, त्यामुळे पलीकडच्या दवाखान्यातलं इंजेक्शन मिळणं शक्य नव्हतं. गेरेरो प्रांतातल्या आमच्या डोंगरावर उतारा देणारी एकच बाई, आईची थोरली बहीण दोमितिला. आईनं तिला एकदा चारचौघांत चेटकीण म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

मीच मावशीला बोलावून आणलं. लाल फुलांच्या झुडपाची मुळी शालीत गुंडाळून ती आली आणि उंबऱ्यातच थांबली. आमच्याकडचा नेम असा, की डसलेल्यानं स्वतःच्या तोंडानं मागायची. न मागता दिलेली मुळी लागू पडत नाही.

"काय गं युफ्रासिया, चेटकिणीची आठवण झाली वाटतं?"

"मी नाही बोलावलं. पोरीनं आणलंय तुला."

"मग जाऊ?"

"जा की. तुझ्या हातचं खाण्यापेक्षा विंचू परवडला."

मावशी हसली आणि उंबऱ्यावरच बसली. "मला काही घाई नाही बाई. मका दळायला घरी सून आहे."

हळूहळू आईच्या तोंडातून लाळ गळू लागली, हातापायांना झटके येऊ लागले. तिनं मावशीकडे मान वळवली आणि बोलायला तोंड उघडलं. जीभ जड झाली होती. घशातून नुसती घरघर आली.

"मागतेय ती, मावशी!"

"काय मागतेय? मला तर काही कळत नाही."

"दे ना गं. पाया पडते तुझ्या."

"विंचू तुला डसलाय का? नेम काही मी नाही केला. लहानपणी माझ्या चहाड्या सांगताना कशी घडाघडा बोलायची! बोल की आता, युफ्रासिया."

आईनं पुन्हा तोंड उघडलं. मावशीनं कानामागे हात धरला.

मी मुळी हिसकावली, चावली आणि आईच्या जिभेवर ठेवली. तिला गिळता आली नाही. उन्हं कलायच्या आत ती गेली.

आता मावशी थकली आहे. रविवारी माझ्याकडे येते आणि कॉफी पिताना तेच विचारते.

"तू शिकलेली आहेस. खरं सांग, मी तेव्हाच दिली असती तर?"

त्या विषाबद्दल मिळेल ते सगळं मी वाचलं आहे. आईचं हृदय आधीच अधू होतं. मुळीनं फार तर कळा थोड्या कमी झाल्या असत्या.

"वाचली असती, मावशी," मी सांगते आणि तिचा पेला पुन्हा भरते.