मागच्या चाकाचा पहारेकरी

मी एक जुना साडीगार्ड आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाजवळ, डाव्या अंगाला, काळ्या लोखंडी सळ्यांची जी जाळी असते ना, तीच मी. मागे बसणाऱ्या माणसाचा पदर, ओढणी किंवा पाय चाकात जाऊ नये म्हणून मला तिथे उभे करतात. मित्रांनो, राखण करणाऱ्याचा स्वभाव हळूहळू संशयी होतो. वाऱ्यावर काहीही हलताना दिसले की माझ्या मनात पाल चुकचुकते. आणि कोणी हातात पाना घेऊन जवळ आले तर विचारूच नका.

माझा जन्म सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सळ्या कापल्या, वाकवल्या, वेल्डिंगने जोडल्या आणि रंग देऊन मला वाळत टाकले. दुसऱ्या दिवशी कारागिराने मला जमिनीवर दोनदा आपटले. मी वाकलो नाही. "पास," एवढेच तो म्हणाला. ती माझी पहिली स्तुती होती आणि दुसरी व्हायला पुढे फार वाट पाहावी लागली.

शोरूममध्ये मला एका लाल स्पोर्ट बाईकवर बसवले. गाडी देखणी होती, यात शंका नाही. फुगीर टाकी, दणकट इंजिन, रुंद टायर. पुढची सीट ऐसपैस होती, मागची मात्र एवढीशी आणि उंच, पाटावर पाट रचावा तशी. मागे धरायला दांडासुद्धा नव्हता. ही गाडी बनवणाऱ्याच्या मनात मागे बसणारे माणूस आलेच नसावे, असा संशय मला तेव्हाच आला.

मग समाधान आला. तो खानदेशातल्या पारोळ्याकडचा. आईला घेऊन इकडे आला होता, सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात कामाला होता आणि जवळच्या किलवणी गावात एका लाइनीतल्या खोलीत राहत होता. आतापर्यंत त्याने एक लहानशी, साधी गाडी चालवली होती. कारखान्याच्या गेटवर पोरांच्या मोठ्या गाड्या पाहून त्याचे मन त्या लहानगीवरून उडाले होते. सोबत त्याची बायको सोनम होती. गाडीच्या पूजेचा नारळ तिच्या हातात होता.

"मागे कोण बसणार, भाऊ?" विक्रेत्याने विचारले.

"कोनी नाही. आपन एकटेच," समाधान ऐटीत म्हणाला.

सोनम त्याच्या शेजारीच उभी होती. तिने नारळ या हातातून त्या हातात घेतला. समाधानने पुढे बसून गाडी डुलवून पाहिली, आरशात आपले तोंड पाहिले, पण सोनमला काही मागे बसवून पाहिले नाही. खरे म्हणजे गाडी तिथेच पारखायला हवी होती.

घरी जाण्याआधी गाडी हर्षल मिस्त्रीच्या गॅरेजवर थांबली. हर्षलने माझ्याकडे पाहिले आणि नाक मुरडले.

"भाऊ, ही जाळी ठेवली ना, तर स्पोर्ट बाईक दूधवाल्याची गाडी दिसते. पूरा लुक खराब."

"काढ मंग."

दोन नटांवर माझी नोकरी होती, ती दोन मिनिटांत गेली. लोखंड फेकून देणे समाधानच्या जिवावर आले, म्हणून त्याने मला पिशवीत घालून घरी आणले. त्याच्या आईने, सरुबाईने, मला उलटेपालटे करून पाहिले आणि मोरीत उभे करून माझ्या सळ्यांमध्ये धुतलेली ताटे लावली. पदरी पडले आणि पवित्र झाले, असे म्हणून मी तिथे उभा राहिलो.

सरुबाई मात्र मला जपत असे. भांड्यांबरोबर रोज मलाही राखेने घासायची, गंज धरू द्यायची नाही. मी हर्षलवर संशय घेई, गाडीवर घेई, समाधानवर तर उठता-बसता घेई. सरुबाईवर कधीच घेतला नाही. जो हात आपल्याला घासूनपुसून ठेवतो, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा?

समाधानचे काही खरे नव्हते. जेवताना घास बाजूला ठेवून तो सांगायचा, "आज खानवेलच्या रोडवर अशी खेचली ना आई, पोरं पाहतच राहिली!"

"खेच, खेच. एक दिवस यम तुला खेचल," सरुबाई भाकरी थापता थापता म्हणे.

हेल्मेट तो आरशावर लटकवायचा. नाक्यावर पोलीस दिसले की डोक्यावर, पोलीस मागे पडले की पुन्हा आरशावर, हेही तोच हसत सांगे. सोनमसाठी तर त्याने हेल्मेट घेतलेच नव्हते. आधी 'एकटाच बसणार' म्हणणारा हा गडी आता बाजाराला, दवाखान्याला, पाहुण्यांकडे तिला त्या उंच सीटवर एका बाजूला बसवून न्यायचा. ती साडी सावरत, त्याचा खांदा घट्ट धरून बसायची.

घराचा एक रिवाज होता. त्या लाइनीत बरीच कुटुंबे त्यांच्याच गावाकडची. म्हणून सोनम बाहेर निघाली की सरुबाई दारात येऊन उभी राहायची. "डोक्यावर पदर राहू दे, पोरी. गल्ली आपल्या लोकांची हाय." सोनम डोक्यावरून पदर घ्यायची आणि त्याचे टोक मागे मोकळे सोडायची. मोरीत उभ्या उभ्या मला उघड्या दारातून ते टोक हलताना दिसायचे. पाल चुकचुकायची, पण माझा सगळा रोख समाधानवरच. आज हा किती जोरात नेणार, एवढीच माझी काळजी.

त्या हिवाळ्यात जवळच्या रांधा गावात नात्यातल्या मुलीची हळद होती. सोनमने पिवळी साडी नेसली. आहेराचे ताट रुमालाने बांधले. सरुबाई नेहमीसारखी दारात उभी राहिली, समाधानने गाडी सुरू केली आणि दोघे गेले.

ती दोघे परत आली ती रिक्षातून. सोनमच्या डाव्या हाताला प्लास्टर होते, हनुवटी सोलून निघाली होती. बऱ्याच वेळाने शेजारचा सुकदेव गाडी ढकलत घेऊन आला.

"पळवली ना?" सरुबाईने लेकाचा दंड धरला. "खरं बोल, पळवली ना?"

"नाही गं आई! तुझी शप्पथ. स्पीडब्रेकर होता, एकदम हळू होतो."

कोणी विश्वास ठेवला नाही. मीसुद्धा नाही. ज्याने रोज वेगाच्या बढाया मारल्या, त्याच्या हळूपणाला साक्षीदार कुठून मिळणार? शेजारपाजारी कुजबुजले, तो पिऊन होता म्हणून. समाधान दारूला शिवत नसे. आता तो चिडला आणि वड्याचे तेल वांग्यावर काढू लागला. "हीच हलली असंल. नीट धरून बसायला काय होतं?"

सोनमने भिंतीकडे तोंड केले. पुढचे काही दिवस त्या एका खोलीत तिघे जण एकमेकांकडे चोरून पाहत राहिले. वाढलेले ताट सरकवतानासुद्धा कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. मित्रांनो, मी जन्माचा संशयी, पण तेवढा संशय मलाही सोसवत नव्हता.

मग एका सकाळी सरुबाई ती पिवळी साडी धुवायला मोरीत बसली. पदर हातात येताच ती थांबली. पदराचा सुंभासारखा पीळ झाला होता. त्यावर चेनचे काळे तेल लागले होते आणि जागोजागी दात उमटल्यासारखी भोके पडली होती. तिने पीळ उलगडून पाहिला.

"सोनम, इकडं ये. हे कशानं झालं?"

"चेनमध्ये गेला, आई. त्याच्याबरोबर मी बी मागं ओढली गेली. मी पडले तसा तो सुटला, यांना दिसलाच नाही."

"मंग कमरेला खोचला का नाही?"

सोनमने खाली वाकून त्या भोकांवरून बोट फिरवले. मग हलकेच म्हणाली, "तुम्ही दारात होत्या. म्हटलं, गल्ली संपली की खोचू. पन मांडीवर आहेराचं ताट, ते एका हातानं धरलेलं. दुसऱ्या हातानं यांचा खांदा. धरायला दुसरं काहीच नाही. कोनत्या हातानं खोचू?"

सरुबाईच्या हातातला पदर तसाच राहिला. तिचे डोळे भरून आले. आणि मला कोणी तापल्या भट्टीत घातल्यासारखे झाले. साऱ्या जगावर पहारा ठेवणारा मी, त्या दारात रोज उभ्या राहणाऱ्या बाईकडे एकदाही त्या नजरेने पाहिले नव्हते. समाधान त्या दिवशी खरेच हळू होता. पण गाडीला जाळी नव्हती आणि सुनेचा पदर मोकळा होता. मग हळू काय आणि जोरात काय?

सरुबाई उठली. तिने माझ्या सळ्यांमधली ताटे काढून खाली ठेवली आणि लेकाला हाक मारली.

"हे कशाचं हाय?"

"गाडीचं," समाधान खाली पाहत म्हणाला.

"कोनी काढलं?"

"मी."

"तू हे काढलं अन् मी पदर घ्यायला लावला. दोघांनी मिळून पोरीला पाडलं. आता तिला एक शब्द बोलायचा नाही."

समाधान मला घेऊन हर्षलकडे गेला. "भाऊ, लुक जाईल," हर्षल म्हणाला. "जाऊ दे. घट्ट बसव," समाधान म्हणाला. त्याने मागे धरायला दांडाही लावून घेतला आणि सोनमच्या मापाचे हेल्मेट आणले.

पण सोनम बसेना. प्लास्टर दाखवायला जायचे असो की बाजाराला, ती रिक्षाने जायची आणि हा रिकामी गाडी घेऊन मागून यायचा. तो जेवताना बढाया मारेनासा झाला होता, तरी ती बसेना. गाडीवरचा, नवऱ्यावरचा, सासूवरचा, तिचा सगळाच विश्वास उडाला होता. मी तर दोन नटांवर पुन्हा जागेवर आलो, पण विश्वासाला कुठला नट लावणार? मला भीती वाटू लागली की ही पोरगी आता आयुष्यभर या घरात अशीच अंग चोरून राहील.

प्लास्टर निघाले. रविवारी सोनमच्या माहेरची माणसे सिल्वासात येणार होती, त्यांना भेटायला जायचे होते. सोनम रिक्षासाठी निघाली, तशी सरुबाई म्हणाली, "थांब. आधी मी बसते."

गल्लीतल्या बायका दारात आल्या. सरुबाईने डोक्यावरचा पदर खाली घेतला. लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत तिचे डोके कोणी उघडे पाहिले नव्हते. गावाकडच्या एका म्हाताऱ्याने मान फिरवली. तिने तो पदर कमरेला करकचून खोचला. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून अंबाडा सोडून केसांची वेणी केली आणि हेल्मेट घातले. मग स्टुलावर पाय देऊन ती वर चढली आणि दांडा धरला.

"चल. बढाई मारायची असंल तर आज हळू चालवल्याची मार."

आम्ही नाक्यापर्यंत जाऊन आलो. सरुबाई उतरली, हेल्मेट काढून सोनमच्या हातात दिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाली, "आजपासून माझ्या सुनेच्या डोक्यावर हे राहील. पदर राहील कमरेला. कोनाला काही म्हनायचं असंल तर मला म्हना."

सोनम तरी लगेच बसली नाही. तिने पदर खोचला. मग ती खाली वाकली, त्याच बऱ्या झालेल्या डाव्या हाताने मला धरले आणि जोरात हिसका दिला. मी हललो नाही. तिने पुन्हा हिसका दिला. दोन्ही नट बोटांनी चाचपले. मग उठून समाधानच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. तो मुकाट्याने मान वर करून उभा राहिला. त्यानंतर ती बसली.

मित्रांनो, कारागिराने मला आपटून पास केले होते, पण सोनमच्या त्या हिसक्याइतकी माझी स्तुती कोणी केली नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही जोरदार इंजिनाची गाडी हवीशी वाटेल. जरूर घ्या. पण आधी लहान गाडीवर हात बसू द्या, आणि मोठी निवडताना जे माणूस मागे बसणार आहे त्याला बसवून पाहा. माझ्यासारख्याला दिसण्यापायी काढून टाकू नका. आणि तुमची आई, बहीण किंवा बायको बसण्याआधी जाळी हलवून बघू लागली, तुमचा पट्टा ओढून बघू लागली, तर रागावू नका. ती आपला जीव तुमच्या पाठीमागे ठेवते आहे. तिला खात्री होईपर्यंत गाडी सुरू करू नका.