चांगला दात कशाला काढायचा?

मी एक उपदाढ. सुळ्याच्या मागे आणि दाढांच्या पुढे उभी असते ना, ती. सुळे सगळ्यांना ठाऊक असतात. अक्कलदाढेचं तर केवढं कौतुक, येते ती रडवत आणि जाते तीही रडवत. आमचं नाव मात्र सहसा डॉक्टरच घेतात, आणि तेही बहुतेक वेळा आम्हाला काढायचं असेल तेव्हाच.

माझा जन्म वरच्या जबड्यात, उजव्या बाजूला झाला. तिथे आधी एक दुधाची दाढ राहत होती. हलत होती, डुलत होती, पण जागा सोडेना. एक दिवस शाळेत गणित सुटेना म्हणून आमच्या मालकिणीने पेन्सिल कचाकचा चावली आणि दाढ पेन्सिलीबरोबर बाहेर आली. मग मी डोकं खाली काढलं. हो, खालीच. वरच्या दातांचं सगळं उलटंच असतं.

मालकीण तेव्हा दहा वर्षांची होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आई कपडे शिवायची, बाबा फरश्या बसवायचे. भिंगरीचा धंदा एकच, नकला करणं. बाबा गुडघ्यावर बसून फरशीला हातोडीच्या दांड्याने टकटक करतात ते, आईच्या तोंडात टाचण्या असताना ती कशी बोलते ते, शाळेतल्या मुख्याध्यापिका चष्म्यावरून कशा बघतात ते, सगळं तिला यायचं. मी आत बसून नुसती हसायचे.

मी आल्यावर वर्षभराने माझा शेजारी सुळा आला. बघतो तर त्याच्या जागेवर आम्ही सगळे दाटीवाटीने बसलेलो. बिचारा हिरडीत उंचावर तसाच फुटला, बाकावर जागा नाही म्हणून खिडकीत चढून बसलेल्या पोरासारखा. पुढचे दात त्याआधीच बाहेर झुकले होते. त्यामुळे भिंगरीचे ओठ मिटत नसत. मला त्याचा फायदा झाला. इतर तोंडांतल्या उपदाढा अंधारात दिवस काढतात, मला मात्र कडेच्या खिडकीतून जग दिसायचं.

तिला मात्र तोटाच होता. हसू आलं की तिचा हात तोंडावर जायचा. फोटो काढताना ती ओठ ओढून ओढून जवळ आणायची आणि हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडायच्या. त्याहून वाईट म्हणजे ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना वरचा ओठ खालच्याला भेटायचाच नाही. खालचा ओठ थेट दातांना टेकायचा. ‘बाबा’चं ‘वावा’ व्हायचं. वर्गात एका शहाण्याने ते पकडलं, आणि तिचे बाबा शाळेच्या दारात दिसले की चार पोरं ओरडायची, “वावा आले, वावा!” भिंगरीने त्या पोरांची अशी नक्कल केली की सगळा वर्ग लोळला. पण घरी येऊन ती न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. ते मला ठाऊक आहे. मी तिथेच होते.

बारा वर्षांची झाल्यावर आई तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. चटपटीत तरुण डॉक्टर. त्यांनी आमचे फोटो काढले, थंडगार लगद्यात आम्हाला बुडवून ठसे घेतले, आणि आठ दिवसांनी पांढऱ्या प्लास्टरचा हुबेहूब जबडा टेबलावर ठेवला. मग पेनाचं टोक माझ्या प्लास्टरच्या डोक्यावर टेकवून म्हणाले, “ही, पलीकडची तिची जोडीदारीण, आणि खालच्या दोन. चार उपदाढा काढून टाकू. मग तारा लावू.”

काढून टाकू! जणू मी बाहीला लोंबणारा धागाच. मला कीड नाही, ठणका नाही, कधी रात्री कुणाला उठवलं नाही. माझा गुन्हा काय? बाहेर दुसरा पेशंट ताटकळत होता, त्यामुळे डॉक्टरांनी तेही सांगितलं नाही. आईने विचार करून सांगतो म्हटलं आणि प्लास्टरचा जबडा डब्यात घालून घरी आणला.

त्या संध्याकाळी घरात माझ्यावर खटला चालला. बाबांची मोठी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, जवळच राहायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आत्याला बोलवावं लागत नाही. कापड बेतायच्या टेबलावर जबडा मांडला होता. आत्याने तो बघितला, ओठ घट्ट मिटले आणि नाकातून एक लांबलचक “म्ऽऽऽ” काढला. आत्याचा हा “म्ऽऽऽ” घरात सगळ्यांना कापरं भरवायचा. भिंगरीला सगळ्यांच्या नकला यायच्या, आत्याची तेवढी यायची नाही. ओठच मिटत नव्हते ना.

“वरचे दात काढले की डोळे जातात,” आत्याने सांगितलं. “नस असते तिथून. आणि गाल बसतात. पोरगी तिशीत माझ्याएवढी दिसायला लागेल!”

“तुझ्याएवढी म्हणजे वाईट का गं, ताई?” बाबा म्हणाले.

“तू गप्प बस.”

बाबा गप्प बसले, पण दोन मिनिटंच. “ते काही असो. किडलेला दात काढतात. चांगला दात कशाला काढायचा? मी चांगली फरशी उचकटून फेकतो का कधी?”

मला बाबांच्या गालाचा पापा घ्यावासा वाटला. आत्या तर माझी वकीलच झाली होती. आई मात्र जबड्यावरून बोट फिरवत होती. शेवटी म्हणाली, “कापड एकदा कापलं की कापलं. उसवून पुन्हा शिवता येतं, पण कात्री चालली की परत फिरत नाही. अजून एका डॉक्टरला दाखवू.”

या वेळी बाबा आणि आत्याही बरोबर आले. दुसऱ्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. दवाखाना जुना, खुर्चीचं कातडं दोन ठिकाणी पट्टीने चिकटवलेलं. त्यांनी आधी भिंगरीशी शाळेच्या गप्पा मारल्या. मला वाटलं, वेळ घालवतायत. नंतर कळलं, त्या तिचे ओठ बघत होत्या. मग मऊ पितळी तार घेऊन प्लास्टरच्या दातांवरून वळवली, सरळ केली, पट्टीवर धरली.

“वर नऊ मिलिमीटर जागा कमी आहे. खाली सात.”

बाबा पुढे सरसावले. मोजमाप आलं की त्यांना राहवत नाही. “कडा घासल्या तर? आम्ही फरशी बसेना की कड घासतो.”

“आम्हीही घासतो,” बाई हसल्या. “त्याने दोन-अडीच मिलिमीटर मिळतात. परवाच एका मुलाला चारच कमी पडत होते, त्याचा एकही दात काढला नाही मी. तुमच्या मुलीचेही न काढता ओळीत बसवता येतील.”

माझ्या दोन्ही मुळांना गुदगुल्या झाल्या. आत्याने विजयाने सगळीकडे पाहिलं.

“पण,” बाई म्हणाल्या, “मग सगळे पुढे ढकलावे लागतील. ओठ आत्ताच मिटत नाहीत, तेव्हा तर आणखी मिटणार नाहीत. आणि पुढच्या दातांच्या मुळांवर हाड पातळ आहे, ते फार ताणायला नको. चार उपदाढा काढल्या, तर वर चौदा मिलिमीटर मोकळे होतील. नऊ गर्दीला लागतील, उरलेल्यात पुढचे दात मागे घेता येतील.”

“आणि डोळे?” आत्या.

“डोळ्यांची नस वेगळी. त्यांना काही होत नाही.”

“गाल?”

“गालांना आधार मागच्या दाढांचा, त्या राहणारच आहेत. पण तुमची भीती अगदीच खोटी नाही. पुढचे दात जास्त मागे ओढले तर चेहरा चपटा दिसतो. म्हणून किती ओढायचे ते आधी मोजून ठरवायचं. घाई करू नका, आठवडाभर विचार करा.” मग त्यांनी चष्मा काढला. “मुलीला विचारलंत का?”

सगळ्या जगाला विचारून झालं होतं. आत्याने तर दूधवाल्याचंही मत घेतलं होतं. भिंगरीला कुणीच विचारलं नव्हतं.

भिंगरीने खुर्चीचा हात खरवडला. “मला ‘प’ म्हणता येईल?”

“ओठ मिटायला लागले तर येईल. पण नुसत्या तारेने नाही. सराव करावा लागेल.”

त्या आठवड्यात ती रोज आरशाला नाक लावून उभी राहायची. बोटाने ओठ वर करून मला बघायची. एवढ्या जवळून मला तिचा एक डोळा आणि एक बोट, एवढंच दिसायचं. “तू तर काहीच केलं नाहीस,” ती एकदा मला म्हणाली. खरं सांगते, त्या क्षणी माझा राग अर्धा ओसरला. मी बाजूच्या सुळ्याकडे पाहिलं. तो वर्षभर तसाच लटकत होता, आणि त्याला हलायला वाव नव्हता तो माझ्यामुळे.

शनिवारी आई काज करत बसली होती. भिंगरी जवळ जाऊन बसली.

“काढूया,” ती म्हणाली.

आईचा हात थांबला. “आणि पुढे काही वाईट झालं तर? जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडशील.”

“आणि नाही काढले तर?”

आईने सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाली, “दुखेल हं थोडं.”

“मला माहितेय. मी नळ सोडून रडेन.”

“नळ कशाला सोडायचा?” आई म्हणाली. “पाणी वाया जातं. माझ्यासमोर रड.”

बुधवारी सकाळी आम्ही गेलो. आधी वरच्या दोघींची पाळी होती. आत्याही आली, “लक्ष ठेवायला.” इंजेक्शन दिलं, हिरडी बधिर झाली, बाईंनी मला चिमट्यात धरलं आणि हळूहळू डोलवायला लागल्या. मी लगेच सुटले नाही, थोडा मान राखला. मग खट्ट झालं. भिंगरी नीट बसून राहिली, पण कोपऱ्यात धप्पकन आवाज आला. लक्ष ठेवता ठेवता आत्या खुर्चीवरून घसरली होती. तिला पाणी पाजायला आई आणि डॉक्टरीणबाई धावल्या.

त्या गडबडीत मी स्टीलच्या तबकात पडून होते, दोन्ही पाय वर करून. तिथून मी भिंगरीचा पूर्ण चेहरा पहिल्यांदा पाहिला. दोन वर्षं मी त्या चेहऱ्यात राहिले आणि मला तो माहीतच नव्हता! नाकावर तीळ आहे, भुवया बाबांसारख्या आहेत. गालात कापूस, डोळ्यांत पाणी, आणि तरी ती आत्याकडे बघून हसत होती. हात तोंडावर नव्हता. बहुधा जबडा बधिर होता म्हणून विसरली असेल. पण मला बरं वाटलं.

तिने मला मागून घेतलं. एका छोट्या बाटलीत बसून मी शिवणयंत्राच्या खणात राहायला आले, बटणांच्या शेजारी. पुढची हकिगत मी तिथूनच पाहिली. तारा आवळल्या की दोन दिवस ती मऊ भात आणि राग, एवढंच खायची. कधी तार टोचायची, कधी ती ब्रश करायचा कंटाळा करायची आणि आईची बोलणी खायची. सात-आठ महिन्यांनी ती खण उघडून मला म्हणाली, “तुझ्या जागेवर सुळा आलाय बघ.” वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण तो नेमका बसला होता, रेषेत. बाबांनी त्याला लेव्हल लावून बघायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

अडीच वर्षांनी तारा निघाल्या. ओठ लगेच शहाणे झाले नाहीत. ‘पापड, पापड, पापड’ असा महिनोन्महिने सराव चालला. मला पापड या शब्दाचा वीट आला. मग एका संध्याकाळी आत्या नेहमीप्रमाणे नव्या पडद्यांना नावं ठेवायला आली. भिंगरी तिच्यासमोर उभी राहिली, ओठ घट्ट मिटले, आणि नाकातून तो सुप्रसिद्ध “म्ऽऽऽ” काढला. थेट तस्साच. बाबा शेंगदाणे चघळत होते, त्यांना ठसका लागला. आई मशीनवर डोकं टेकून हसली. आत्याने रागावायचा फार प्रयत्न केला. मग म्हणाली, “आवाज थोडा आणखी वर चढव,” आणि स्वतःच शिकवायला बसली.

त्यालाही आता तीन वर्षं होत आली. मध्यंतरी मला सगळे विसरले. एकदा बाटली उलटली आणि आईने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मला बटण म्हणून लावलंच होतं, चष्मा घातला म्हणून थोडक्यात वाचले. भिंगरी आता दात जागेवर राहावेत म्हणून रात्री प्लेट घालते. म्हणजे घालायला हवी. कधी कधी विसरते. कुणीतरी तिला सांगा, सुळ्याला पुन्हा भटकायची सवय लागायला वेळ लागत नाही.

माझं म्हणाल तर माझा मुक्काम हलतोय. शेजारची मुलगी दातांच्या कॉलेजात गेली आहे. तिला सरावासाठी खरे दात लागतात, म्हणून घरोघर मागत फिरते. भिंगरीने मला एकदा हातावर घेतलं, अंगठ्याने पुसलं आणि दिलं. उद्या मी एका वर्गात असेन. आयुष्यभर कीड लागू दिली नाही मी, आणि आता माझ्यात मुद्दाम भोक पाडणार, मग ते बुजवणार!

जाता जाता एवढंच सांगते. तुमच्या घरी कुणा पोराच्या दातांचा असा प्रश्न आला, तर चांगला दात म्हणून आम्हाला हट्टाने धरून ठेवू नका, आणि कुणी म्हणालं म्हणून उपटूही नका. मोजून बघा, दुसऱ्यालाही विचारा, आणि ज्याचं तोंड आहे त्याला आधी विचारा.

शेजारच्या मुलीने आत्ताच बाटली उघडून मला उन्हात धरलं. सरावाचा पहिलाच दात आहे म्हणे तिचा, पुन्हा पुन्हा फिरवून बघतेय. बघ, बाई. घे हवा तेवढा वेळ. मला दुखत नाही.