शेव्हीखाली फोर्डचा अ‍ॅक्सल

आमच्या घरात फोर्डचा साधा नट-बोल्टही चालत नाही. सासरे जन्मभर शेव्हीच्या, म्हणजे शेव्हरोले गाड्यांच्या, कारखान्यात राबले आणि माझा नवरा व्हर्लिन तर त्यांच्याहून वरताण. त्याचा धाकटा भाऊ डेल मात्र केवळ बापाला डिवचायला फोर्डवाला झाला. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांना टोचत आलेत. डेल जेवायला आला की त्याने आपली गाडी रस्त्यावर लावायची, आमच्या दारात नाही. आमच्या इंडियाना राज्यात असल्या गोष्टींवरून सोयरिकी मोडल्यात, तेव्हा मी त्यात पडत नाही.

या वसंतात मात्र पडावं लागलं. आमची लेक मार्लीस आणि तिचा बाप, दोघांनी दोन हिवाळे गॅरेजात घालवून सहासष्ट सालच्या शेव्हेल नावाच्या शेव्ही गाडीत सहाशे हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. चालवणार ती, पाव मैलाच्या सरळ शर्यतीत. इंजिन सुरू झालं की माझ्या कपाटातल्या बश्या नाचतात. एवढा सगळा जोर जाऊन आदळणार मागच्या आसावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर, आणि तो मूळचा, याच्या निम्म्या ताकदीच्या इंजिनासाठी केलेला. बदलायचा हे ठरलेलंच होतं. व्हर्लिनने शेव्हीचाच, पण दणकट असा बारा बोल्टचा अ‍ॅक्सल हेरूनही ठेवला होता.

मग आम्ही एक शर्यत बघायला गेलो. तिथे एका परक्या माणसाच्या गाडीत तशाच जातीच्या अ‍ॅक्सलचा दांडा निघताक्षणीच तुटला. त्या जातीत दांडा आतल्या टोकाला एका चिमुकल्या कडीने धरलेला असतो. तो मोडला की उरलेला तुकडा चाकासकट बाहेर येतो. चाक एकटंच उड्या मारत कठड्यापर्यंत गेलं. माणूस धडधाकट उतरला, हसलासुद्धा. व्हर्लिन हसला नाही.

त्या दिवसापासून तो नीट जेवेना. मी खिम्याचा मीटलोफ भाजला तर काट्याने नुसता उकरत बसला. मार्लीस म्हणाली, त्या कडीवर उपाय मिळतात, आणून बसवू, एवढं काय मनाला लावून घेतोस. त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या तोंडून निघणार नाही हेही. फोर्डच्या नऊ इंची अ‍ॅक्सलमध्ये दांडा चाकापाशीच पकडलेला असतो. तुटला तरी चाक जागा सोडत नाही. आणि तसला एक डेलच्या शेडमध्ये होता, त्याच्या जुन्या ट्रकचा. आपण निवृत्त झालो की तो ट्रक हौसेने पुन्हा नवा करायचा, हे डेल येता-जाता सांगायचा.

शेवटी मी भांडी आपटली.

"लाज कुणाची वाटतेय तुला?" मी विचारलं. "भावाची की बापाची?"

"बापाची," तो म्हणाला. "पण तिचं चाक निघालं, तर बापाला तरी काय सांगू?"

रविवारी चर्चमधून आम्ही तसेच डेलकडे गेलो. मी सफरचंदाचा केक घेतला होता. शरण जायचं तर निदान रिकाम्या हाताने नको. व्हर्लिनने शेडच्या दारातच नऊ इंची हवाय म्हणून सांगितलं. आता वर्षभर ऐकून घ्यावं लागणार, असं मी धरूनच चालले होते. पण डेल हसला नाही. त्याने हात पुसले आणि कोपऱ्यातली ताडपत्री काढली.

खाली अ‍ॅक्सल होता, काळा रंग दिलेला. ट्रकचा अ‍ॅक्सल रुंद, शेव्हेलखाली घालायचा तर दोन्ही बाजूंनी कापून आखूड करावा लागतो. किती कापायचा ते बघायला व्हर्लिनने टेप लावली. मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्याने गाडीच्या सांगाड्याला अडकवायला वर जोडलेल्या लोखंडी कानांवरून हात फिरवला. तसले कान ट्रकला नसतातच.

"हा कापलेला आहे," तो म्हणाला. "शेव्हेलच्या मापाने."

"हो. पोरीने सहाशेचा आकडा सांगितला ना, त्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीस?"

"मी देऊ केला असता तर घेतला असतास?"

शेडच्या पलीकडे तो हौसेचा ट्रक लाकडी ठोकळ्यांवर उभा होता, मागची चाकं नसलेला. एकदा कापलेला अ‍ॅक्सल त्याला परत बसणार नव्हता. व्हर्लिनचंही लक्ष तिकडे गेलं.

"आणि ट्रकचं काय?" त्याने हळूच विचारलं.

"ट्रकमध्ये मार्लीस बसणार नाहीये," डेल म्हणाला.

माझा नवरा त्या फोर्डच्या अ‍ॅक्सलवरच बसला आणि तोंड झाकून रडला. डेल त्याच्या शेजारी टेकला आणि कितीतरी वेळ भावाची पाठ चोळत राहिला.